कॅसेटी कुजतायत, आपण भाषणं ठोकतोय

माझी आजी सात मिनिटांची आहे.

म्हणजे जगली ती सत्तरीच्या पुढं. तीस वर्षं महापालिकेच्या सफाई खात्यात झाडू मारला, पोरं वाढवली, दोन पुरली. पण हलती-बोलती, गाणारी आजी आता जगात फक्त सात मिनिटं शिल्लक आहे. होती अकरा मिनिटं. चार मिनिटं मशीननं खाल्ली. ते मशीन कुणाचं होतं ते पुढं सांगते. लाज वाटते, तरी सांगणार आहे.

१४ एप्रिल १९९१. बाबासाहेबांची जन्मशताब्दी. आमच्या वस्तीनं घरटी वर्गणी काढून शूटिंगवाला आणला. खांद्यावर तोफेसारखा व्हीएचएस कॅमेरा, मागं हॅलोजनचा दिवा धरलेलं पोरगं. तीन तासांची कॅसेट. त्यातले अडीच तास स्टेज. हार, तुरे, पाहुणे, आभार, परत हार. मग पुढारी गाडीत बसून गेले. शूटिंगवाला कॅमेरा बंद करायला विसरला की उरलेली कॅसेट संपवायची म्हणून चालू ठेवला, कुणास ठाऊक. मांडवाच्या मागं भांडी घासत बसलेल्या बाया उठल्या आणि आजीनं भीमाचं गाणं धरलं. टाळी, तांब्यावर चमचा आणि आजीचा आवाज. अकरा मिनिटं. मी तिथंच आईच्या कडेवर आहे, नाक वाहतंय.

२०१४ साली मी ती कॅसेट घेऊन एका दुकानात गेले. बाहेर पाटी होती, कॅसेटवरून सीडी करून मिळेल. दिली आणि निघून आले. समोर बसून राहिले नाही, काही विचारलं नाही. आठ दिवसांनी डीव्हीडी मिळाली. लावली तर कोपऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दुकानाचा फोन नंबर. मिरवणुकीच्या आवाजावर सिनेमाचं गाणं चढवलेलं. पठ्ठ्यानं टीव्हीवर कॅसेट लावून समोरून कॅमेऱ्यानं टिपलं होतं. काचेत त्याच्या दुकानाची ट्यूबलाईट दिसत होती. आणि आजी? आजी नाहीच.

परत गेले. म्हटलं, शेवटचं गाणं कुठाय?

"ताई, ते काढलं. फालतू होतं. प्रोग्राम तर संपला होता ना."

फालतू! दोस्तांनो, हा शब्द त्या दुकानदाराचा नाही. फार जुना आहे. काय ठेवायचं आणि काय कापायचं हे ज्याच्या हातात, तो इतिहासाचा मालक. स्टेजवर असतो तो प्रोग्राम, स्टेजमागं भांडी घासते ती फालतू. आपल्याच जयंतीत, आपल्याच वर्गणीतून! दुकानदाराला शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण १९९१ साली "कॅमेरा स्टेजवरून हलवू नको" असं शूटिंगवाल्याला बजावणारे आपलेच कार्यकर्ते होते. त्यांना कोण शिव्या घालणार?

आता माझी गोष्ट. रागानं पेटून मी चोर बाजारातून जुना व्हीसीआर आणला. ऐन जुलै. बाहेर धो धो पाऊस, घरात भिंतींना ओल. कॅसेटच्या काचेतून टेपेच्या कडेवर पांढरे ठिपके दिसत होते. मला वाटलं धूळ. ती बुरशी होती. कॅसेट सरळ मशीनमध्ये घातली. अडीच तास कशीबशी चालली. आजी उठली, गायला लागली, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मग कर्रर्र आवाज. उघडून पाहिलं तर टेप हेडभोवती गुंडाळलेली, चुरगळलेली. चार मिनिटं गेली. दुकानदारानं आजी कापली होती, पण कॅसेट शाबूत परत दिली होती. तिला मारलं मी. माझ्या अडाणीपणानं.

म्हणून हे लिहितेय. मी केलं ते तुम्ही करू नका, एवढ्यासाठी.

आधी समजून घ्या, कॅसेट म्हणजे काय. प्लास्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप आणि तो लेप धरून ठेवणारा गोंदासारखा थर. चित्र आणि आवाज त्या कणांत. हवेतली ओल त्या गोंदाला हळूहळू सोडवते. मुंबईची हवा म्हणजे कॅसेटीचं मरण. त्यात आपली घरं बघा. पत्र्याची पेटी, वर माळा, माळ्यावर गळकं छप्पर. आणि टेप वाचली तरी वाचणार कशावर? व्हीएचएस जपानात १९७६ साली आलं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी होती जपानचीच फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैत कारखाना थांबवला. त्यानंतर नवा व्हीसीआर नाही. जगात आहेत ते जुने, आणि रोज त्यातला एखादा भंगारात जातोय. कॅसेट आहे पण मशीन नाही, असा दिवस येणार आहे. तेव्हा ती कॅसेट म्हणजे काळ्या पट्टीचं भेंडोळं.

हे मी मनानं सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५ सालीच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत संगणकावर न घेतलेल्या चुंबकीय फिती बहुतांशी हातच्या जातील. २०१९ मध्ये युनेस्कोनं जगभरच्या फितींसाठी धोक्याची घंटा वाजवली. तीच युनेस्को, जिनं २००७ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्या जगाच्या स्मृतींच्या यादीत घातल्या. भांडारकर संस्था उभी राहिली १९१७ साली. त्यांनी पोथ्या जपल्या. कपाटं केली, याद्या केल्या, पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसवली. मला त्याचा राग नाही. मला हेवा आहे! ज्यांना हजारो वर्षं अक्षर शिवू दिलं नाही त्यांची पोथी कुठंय? त्यांची पोथी व्हीएचएसवर आहे, मिनी डीव्हीवर आहे, लग्नाच्या कॅसेटच्या मागच्या बाजूला आहे. आणि ती माळ्यावर कुजतेय.

कुणी म्हणेल, मोठमोठ्यांच्या टेपा जातात, आपलं काय घेऊन बसलात? जातात की. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या मूळ टेपा नासाला सापडेनात. त्या बहुधा पुसून परत वापरल्या गेल्या, असं २००९ मध्ये नासानं स्वतः सांगितलं. पण त्यांचं बिघडलं काय? टीव्ही कंपन्यांकडे प्रती होत्या, त्या जमवून चित्र पुन्हा उभं केलं. आपल्या आजीची दुसरी प्रत कुठल्या टीव्ही कंपनीकडे आहे? आपलं सगळं एकेकच. एक कॅसेट गेली की एक वस्ती गेली.

हिशोब मांडून बघा. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तेव्हा आपल्या हातात व्हिडिओ कॅमेरा नव्हता. त्या काळातलं जे उरलं ते कागदावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर वाढले, वस्तीत एका रात्रीच्या भाड्यानं यायला लागले, पाठोपाठ शूटिंगवाले आले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. त्या लढ्याचा शेवटचा टप्पा आणि त्यानंतरचं सगळं, मोर्चे, जलसे, धम्मपरिषदा, अंत्ययात्रा, बौद्ध पद्धतीची साधी लग्नं, हे टेपेवर आलं. म्हणजे आपल्या माणसांचं हलतं चित्र जेमतेम एका पिढीचं आहे. आधीचं नाहीच. आणि हेही घालवायला आपण निघालोय.

आज मोबाईलवर बाबासाहेबांचा आवाज ऐकता ना? बीबीसीची १९५५ सालची मुलाखत? ती ऐकू येते, कारण तिकडं लंडनला कुणीतरी ती फीत नीट ठेवली. विलास घोगरे गाताना दिसतात, कारण आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'बॉम्बे : अवर सिटी'त ते टिपले गेले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घालून १० माणसं मारली. त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी जीव दिला. जुनी फिल्म जपलेली होती म्हणून २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तो माणूस पुन्हा उभा राहिला. प्रश्न असा, की वस्तीवस्तीतल्या बाकीच्या गायकांचं काय? त्यांच्याकडे ना बीबीसी आली, ना पटवर्धन आले.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द.

पुढारीसाहेब, तुमच्या कपाटात परिषदांच्या कॅसेटी आहेत. तुम्ही त्या कुणाला देत नाही, बघू देत नाही, स्वतःही बघत नाही. मशीनच नाही तुमच्याकडे! कुलूप लावून तुम्ही काय जपताय? बुरशी. कार्यकर्तेहो, तुम्ही त्याहून वरचे. भाषणाच्या कॅसेटवर तुमच्याच घरात अमिताभचा सिनेमा टेप झाला. व्हीएचएसच्या पाठीवर प्लास्टिकचा छोटा दात असतो, तो मोडला की तिच्यावर परत रेकॉर्डिंग होत नाही. चिमूटभर काम. ते केलं नाही आणि सभेच्या मधोमध हेलन नाचायला लागली. आणि आता एसआरएच्या इमारतीत जाताना तुम्ही काय करताय? नव्या घरात जुनं भंगार नको म्हणून पेटीसकट कॅसेटी भंगारवाल्याला. किलोवर!

माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान पोरापोरींनो, तुम्ही म्हणाल, "यूट्यूबवर टाकलं की झालं." नाही झालं. यूट्यूब आपली प्रत परत दाबून बारीक करतं. मिरवणुकीच्या बँडनं सिनेमाचं गाणं वाजवलं असेल तर कुणी हक्क सांगून ते बंद पाडू शकतं. ती भिंत आहे पोस्टर लावायची. घर नाही. आणि मोबाईलवर रोज शूटिंग करता, ते व्हॉट्सॲपवर ढकलता आणि मेमरी भरली की मूळ पुसता. व्हॉट्सॲपनं दाबलेला व्हिडिओ म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल ठेवा. तुमची कॅसेट म्हणजे तुमचा फोन, आणि ती आत्ताच कुजायला लागलीय.

मग करायचं काय? भाषण पुरे. काम सांगते.

कॅसेट हातात घेतली की आधी काचेतून बघा. पांढरे ठिपके, पांढरी कड दिसली तर मशीनमध्ये घालायची नाही. ती बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटी मारते. अशी कॅसेट वेगळी काढा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा, ओल उतरू द्या आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. बरी दिसणारी कॅसेट चालवण्याआधी एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या. मौल्यवान कॅसेट पहिल्यांदा कधीच लावू नका. आधी एखाद्या टुकार सिनेमाची लावून मशीनची परीक्षा घ्या. ही एवढी अक्कल मला असती तर आजी अकरा मिनिटांची राहिली असती.

व्हीएचएससाठी चांगला व्हीसीआर आणि मधे एक कॅप्चरचं यंत्र, यूएसबीचं. ट्रॅकिंग नीट लावा. आपल्याकडची टेप पॅल पद्धतीची, ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रं. संगणकावर ती ७२० बाय ५७६ मध्येच घ्या. दुकानदार सांगेल, "एचडी करून देतो, फोर-के करून देतो." टेपेत जे नाही ते तो कुठून आणणार? मूळ प्रत जशी आहे तशी, शक्यतो न दाबता घ्यायची. मोबाईलवर बघायला त्यातून दुसरी, बारीक प्रत काढा. पहिली कधी छेडायची नाही.

मिनी डीव्हीची गोष्ट वेगळी, आणि इथंच सगळे फसतात. ती १९९५ नंतरची, आणि तिच्यात चित्र आधीच आकड्यांत असतं. कॅमेऱ्याला फायरवायरचं भोक असतं, सोनीवाले त्याला आयलिंक म्हणायचे. त्या वायरीनं घेतलं तर टेपेतला आकडा न आकडा संगणकात उतरतो, त्या दिवसाची तारीख-वेळसुद्धा. तासाला सुमारे १३ जीबी. दुकानदार मात्र पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावतो, आणि तारीख मरते, चित्र मळतं. कॅमेऱ्याच्या यूएसबीवर भरवसा नको, बऱ्याच कॅमेऱ्यांत ती फोटोपुरती असते. फायरवायर कार्ड असलेला जुना डेस्कटॉप कुठं मिळाला तर सोडू नका. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब, दोन्ही फुकट. २०२५ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीनं फायरवायर काढूनच टाकलं. दारं एकेक करून बंद होतायत.

आणि घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. त्या तीन तासांत वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना शेजारी बसवा. ही कोण, तो कोण, हे गाणं कुणाचं, वही घेऊन मिनिटागणिक लिहा. संगणकातली बिननावाची फाईल म्हणजे बेवारस प्रेत. पुढाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मागच्या रांगेतल्या बाईचं नाव फक्त तिच्या शेजारणीला माहीत, आणि ती शेजारीण आज ऐंशीची आहे. टेपेआधी ती जाईल.

तीन प्रती करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या गावात. एकाच घरात तीन प्रती ठेवल्या तर एका पुरात तिन्ही जातात.

आणि मूळ कॅसेट फेकायची नाही! संगणकावर आलं की काम झालं असं समजणारे महामूर्ख. रमाबाई नगरात जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं दोषी ठरवलं ते २००९ मध्ये. बारा वर्षं! बारा पावसाळे तुमची कॅसेट टिकेल? आणि टिकली तरी कोर्टात उभी राहील? जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला व्हिडिओच्या नकलेवरूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये निकाल लागला. नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळच हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातल्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. टेप उतरवली त्याच दिवशी तो काढून वहीत लिहा. खोटं ठरवायला टपलेल्यांसमोर आपलं खरं उभं करायचं, तर पुरावा त्यांच्याहून पक्का हवा.

शेवटचं, आणि हे विसरू नका. सगळं उतरवा, पण सगळं चव्हाट्यावर मांडू नका. मोर्च्यातले चेहरे, दगड उचललेला हात, रडणारी बाई, हे कुणाला दाखवायचं ते त्या माणसांनी ठरवायचं. आपली टेप त्यांच्या फायलीतला पुरावा होता कामा नये. जपणं वेगळं, वाटणं वेगळं.

आपल्या आधीच्यांना छापखाने दारात उभं करत नव्हते, तेव्हा त्यांनी सायक्लोस्टाईलवर हात काळे करून अंक काढले. कुणाची परवानगी मागितली नाही. आज एक जुना व्हीसीआर, एक मिनी डीव्हीचा कॅमेरा, एक डेस्कटॉप, दोन हार्ड डिस्क, एवढ्यात एका वस्तीचं टेपघर उभं राहतं. जयंतीच्या एका डीजेच्या रात्रीत ते बसेल. एका वर्षी डीजे नको म्हणा. आहे हिंमत?

आमच्या विहारात आम्ही ते सुरू केलंय. पहिल्या दिवशी आजीची सात मिनिटं लावली. शेजारची म्हातारी बघत होती. जिथं टेप फाटली तिथं पडदा काळा झाला, आणि तिनं बसल्या जागी पुढचं कडवं म्हटलं. पूर्ण गाणं, शेवटपर्यंत. मी फोन काढला आणि ते रेकॉर्ड केलं. मूळ फाईल ठेवलीय. तीन प्रती केल्यात. नाव लिहिलंय.

तुमच्या माळ्यावर कोण गातंय? उठा, पेटी खाली काढा.